तीन कॅमेरे, तीन आकडे : पालखीचा व्हिडिओ अडखळतो का आणि मृदंगाची थाप उशिरा का ऐकू येते?

नेरे (ता. मुळशी) : सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनानं होते. मंडप भरलेला, टाळकरी दोन्ही बाजूंना उभे, मृदंग घुमतोय. स्टुडिओवाल्याचा एक मोठा कॅमेरा स्टॅण्डवर लावलेला, मंडळातल्या दोन पोरांच्या हातात मोबाईल आणि पालखी निघाली की वरून ड्रोन. हिंजवडीजवळच्या नेऱ्यासारख्या गावात आता हे चित्र नवीन राहिलेलं नाही. आठ दिवसांनी सगळं एकत्र जोडून व्हिडिओ तयार होतो, यूट्यूबवर चढतो, गावाच्या ग्रुपवर लिंक येते.

आणि मग लक्षात येतं, काहीतरी बिनसलंय. मोठ्या कॅमेऱ्यातली पालखी पाण्यावरून सरकावी तशी जाते. मोबाईलचं दृश्य आलं की तीच पालखी बारीक धक्के खात पुढे सरकते. पहिली दहा मिनिटं मृदंगावरचा हात आणि थाप बरोबर जुळतात. तासाभरानं हात आधी पडतो, आवाज नंतर येतो. कोणी म्हणतं मोबाईल स्वस्तातला होता, कोणी म्हणतं एडिटिंग करणाऱ्याला येत नाही. बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. गडबड असते एका आकड्याची, आणि तो आकडा शूटिंगच्या आधीच ठरवायचा असतो. त्या आकड्याचं नाव फ्रेम रेट.

फ्रेम रेट म्हणजे काय?

शाळेत वहीच्या कोपऱ्यावर उडी मारणारा माणूस काढून पानं भराभर सोडायचा खेळ अनेकांनी केला असेल. व्हिडिओ तसाच असतो. एका सेकंदात अनेक स्थिर फोटो एकामागून एक दिसतात आणि डोळ्याला वाटतं, हालचाल चालू आहे. यातला एकेक फोटो म्हणजे फ्रेम. एका सेकंदात किती फ्रेम, तो फ्रेम रेट. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘१०८०पी ३०’ किंवा ‘४के ६०’ असं लिहिलेलं असतं. त्यातला शेवटचा आकडा हाच. पहिला आकडा चित्र किती बारकाईचं आहे ते सांगतो, शेवटचा हालचाल किती तुकड्यांत पकडली ते सांगतो.

हे वेगवेगळे आकडे आले कुठून?

हा घोळ मोबाईलपासून सुरू झालेला नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला. त्या काळी कॅमेरा हातानं हँडल फिरवून चालवायचे. सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम पडायच्या, तीही हाताच्या लयीप्रमाणे कमीजास्त. पुढे तीच रीळं २४ फ्रेमच्या वेगानं चालणाऱ्या यंत्रावर दाखवली, की माणसं तुरुतुरु चालताना दिसायची. जुन्या मूकपटातली माणसं खरोखर घाईत नव्हती. घेण्याचा वेग एक आणि दाखवण्याचा दुसरा, एवढंच त्याचं कारण.

बोलपट आल्यावर हातचा वेग चालेना, कारण वेग हलला की आवाजही हलतो. म्हणून २४ हा आकडा पक्का झाला. प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा मराठी बोलपट त्याच काळातला. पुढच्याच वर्षी प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली. तिच्या त्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

टीव्हीनं मात्र विजेचा आकडा धरला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दूरदर्शन सेकंदाला २५ फ्रेमवर चाललं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ३०. तिकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा तांत्रिक अडचणीमुळे ३० चं २९.९७ करावं लागलं, आणि तो अपूर्णांक आजही अनेक कॅमेऱ्यांत टिकून आहे. मोबाईल कंपन्यांनी ३० आणि ६० उचलले.

म्हणून नेऱ्याच्या मंडपात आज हे सगळे आकडे एकत्र भेटतात. भारतात विकला जाणारा स्टुडिओचा कॅमेरा बहुतेक वेळा २५ किंवा ५० वर लावलेला, मोबाईल ३० वर, आणि ड्रोन सिनेमासारखं दिसावं म्हणून कोणीतरी २४ वर ठेवलेला.

आकडे मिसळले की काय होतं?

तयार व्हिडिओचा आकडा एकच असतो. एडिटिंगच्या पट्टीवर, म्हणजे टाइमलाइनवर, जो आकडा ठरेल त्यात बाकीच्या सगळ्यांना बसावं लागतं. टाइमलाइन २५ ची असेल तर :

- मोबाईलच्या ३० फ्रेममधून दर सहावी फ्रेम फेकली जाते. पालखी पाच पावलं सरळ जाते आणि सहाव्याला उडी मारते. सेकंदाला अशा पाच उड्या. हाच तो धक्का.
- ड्रोनच्या २४ फ्रेम असतात, म्हणून सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवली जाते. संथ दृश्यात दर सेकंदाला एक अडखळ दिसते.
- ५० चं चित्रण असेल तर एकाआड एक फ्रेम घेतली जाते. हिशेब सरळ, धक्का नाही.
- ६० चं चित्रण २५ मध्ये नीट बसत नाही. कधी दोन सोडून तिसरी, कधी एक सोडून दुसरी घ्यावी लागते. तेच ६० चं चित्रण ३० च्या टाइमलाइनवर मात्र बरोबर निम्मं होऊन बसतं.

यातून एक सोपा नियम निघतो : २५ आणि ५० एका घरातले, ३० आणि ६० दुसऱ्या घरातले. एका घरातले आकडे आपसात जमतात. दोन घरांतले आकडे एकत्र आणले की कुठेतरी तडजोड करावी लागते.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये या तडजोडीचे तीन प्रकार मिळतात. पहिल्यात सॉफ्टवेअर जवळची फ्रेम उचलतं, बाकी सोडतं. चित्र स्वच्छ राहतं, पण हालचाल उड्या मारते. दुसऱ्यात शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळतात. उड्या कमी होतात, पण हलणाऱ्या हाताला सावलीसारखा दुसरा हात दिसतो. तिसरा प्रकार ऑप्टिकल फ्लो. यात सॉफ्टवेअर दोन फ्रेममधली हालचाल ओळखतं आणि मधली नवी फ्रेम स्वतः तयार करतं. मोकळ्या आभाळाखाली संथ चाललेल्या ड्रोनच्या दृश्यात हे छान जमतं. टाळकऱ्यांच्या गर्दीत मात्र टाळ, बोटं, पताका एकमेकांत विरघळल्यासारख्या दिसतात. सॉफ्टवेअरला खरं काय घडलं ते माहीत नसतं. ते अंदाज करतं.

एक चौथी युक्तीही आहे, आणि ती फुकटात सगळ्यात सुंदर निकाल देते. ज्या दृश्याचा मूळ आवाज वापरायचा नाही, त्याचा वेगच थोडा बदलायचा. ३० फ्रेमवर घेतलेली पालखी २५ च्या टाइमलाइनवर ८३ टक्के वेगानं चालवली, की एकही फ्रेम टाकावी लागत नाही. पालखी किंचित संथ दिसते आणि डोळ्याला ते बरंच वाटतं. ड्रोनचं २४ चं दृश्य २५ वर चालवलं तर वेग जेमतेम ४ टक्के वाढतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. जिथे बोलणं, गाणं, वाजवणं दिसतं तिथे मात्र ही युक्ती चालत नाही.

आवाज आणि ओठ का सुटतात?

हा त्रास धक्क्यांपेक्षा मोठा. याचं मुख्य कारण म्हणजे मोबाईलचा फ्रेम रेट स्थिर नसतो. मोबाईल सांगतो ३०, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो गुपचूप २८, २५, कधी त्याहून खाली उतरतो. उजेड वाढला की पुन्हा वर चढतो. फोनवर पाहताना हे कळत नाही, कारण प्रत्येक फ्रेम कधी दाखवायची याची नोंद फाईलमध्ये असते. पण काही एडिटिंग सॉफ्टवेअर ती नोंद नीट पाळत नाहीत. सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत असं धरून चालतात. आवाज आपल्या वेळेवर चालत राहतो आणि चित्र हळूहळू सुटत जातं. रात्रीच्या कीर्तनात हा घोळ जास्त दिसतो, तो यामुळेच. मोबाईलवर स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तरी हेच होतं.

आकडा थोडाच चुकला तरी किती फरक पडतो ते पाहा. चित्रण २९.९७ चं आहे आणि ते चुकून पूर्ण ३० धरलं गेलं, तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. दोन तासांच्या कीर्तनात सात सेकंद. महाराजांनी अभंगाचं चरण म्हणून संपवलेलं असतं आणि पडद्यावर ओठ भलत्याच शब्दावर असतात.

यावर उपाय असे :

- फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ असा पर्याय असेल तर तो बंद ठेवावा. आयफोनमध्ये आणि काही अँड्रॉइड फोनमध्ये तो मिळतो.
- शूटिंग झाल्यावर मोबाईलची फाईल कॉम्प्युटरवर हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून काढावी. त्यात फ्रेम रेटच्या खाली ‘कॉन्स्टंट’ हा पर्याय निवडला की फ्रेम समान अंतरावर बसतात. मग ती नवी फाईल एडिटिंगला घ्यावी. मूळ फाईल पुसू नये.
- सगळे कॅमेरे चालू झाल्यावर सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा सगळ्यांना दिसेल, ऐकू येईल अशी जोरात टाळी वाजवावी. एडिटिंगमध्ये पहिली टाळी जुळवली आणि शेवटचीही आपोआप जुळली, तर मधलं सगळं ठीक. शेवटची सुटली, तर किती सुटली ते तिथेच मोजता येतं.
- आवाजासाठी एकच मुख्य रेकॉर्डिंग ठरवावं. शक्यतो साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घेतलेलं. बाकी कॅमेऱ्यांचा आवाज फक्त जुळवणीपुरता.

मंडपातले लाईट लपलपतात, ते कशामुळे?

चित्रावर आडवे काळपट पट्टे सरकताना दिसतात, त्याचंही मूळ आकड्यातच आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याचा शटर वेग १/५० किंवा १/१०० ठेवला की प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो आणि पट्टे जातात. १/६० ठेवला की पट्टे सरकू लागतात. म्हणून फ्रेम रेट ३० असला तरी मंडपात शटर १/५० किंवा १/१०० च ठेवावा. फोनमध्ये ‘अँटी फ्लिकर’ असेल तर ५० हर्ट्झ निवडावं.

जनरेटरवर मंडप असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भार कमीजास्त झाला की जनरेटरची वीज अगदी ५० वर राहत नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सगळे दिवे लावून अर्ध्या मिनिटाचं ट्रायल शूटिंग करावं आणि ते मोठ्या स्क्रीनवर बघून घ्यावं.

बैलगाड्याचा सेकंद आणि व्हिडिओचा सेकंद

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा शर्यतीचा कायदा वैध ठरवला. घाटावर आता गाड्यांपेक्षा मोबाईल जास्त दिसतात. पुणे जिल्ह्यातल्या घाटात गाडा घड्याळाशी पळतो, त्यामुळे वाद होतो तो सेकंदाच्या बारीक हिश्शावरून. मग कोणीतरी मोबाईल पुढे करतो : ‘हे बघा, फ्रेम मोजा.’

इथे जपून राहायला हवं. समजा गाडा १२ सेकंदांत आला. २५ च्या व्हिडिओत त्या धावेच्या ३०० फ्रेम भरतात. मोजणाऱ्यानं मोबाईल ३० चा असतो असं धरून ३०० ला ३० नं भागलं, तर उत्तर येतं १० सेकंद. दोन सेकंद हवेत गेले! गाडा सेकंदाला १० मीटर पळतोय असं धरलं, तर ३० च्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मध्ये तो ३३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. बैलाचं नाक निशाणावर नेमकं कधी आलं, ते त्या दोन फ्रेमच्या मध्येच राहून जातं. ६० च्या व्हिडिओत हे अंतर निम्मं होतं.

ऑप्टिकल फ्लोनं केलेला स्लो मोशन तर अशा वादात अजिबात धरू नये, कारण त्यातल्या मधल्या फ्रेम कॅमेऱ्यानं पाहिलेल्याच नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला व्हिडिओही नको, त्याची फाईल वाटेत बदललेली असते. पुरावा म्हणून काही दाखवायचंच असेल तर ज्या फोननं शूटिंग केलं त्यातली मूळ फाईल दाखवावी. आणि ती असली तरी निकाल पंचांच्या घड्याळाचाच.

नुसता देखणा स्लो मोशन हवा असेल तर शूटिंगच जास्त फ्रेमवर करावं. ६० वर घेतलेलं दृश्य ३० च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगानं, १२० वर घेतलेलं पाव वेगानं चालवता येतं. यात प्रत्येक फ्रेम खरी असते. धुरळा, बैलांची मान, सगळं स्वच्छ दिसतं.

शेवटी रेंडर करताना काय निवडायचं?

जोडाजोडी झाल्यावर अंतिम फाईल तयार करायची, तिला रेंडर किंवा एक्सपोर्ट म्हणतात. काईनमास्टर, इनशॉट यांसारख्या अ‍ॅपमध्येही इथे काही आकडे विचारले जातात. घाईत कोणी सगळे आकडे सर्वात मोठे करून टाकतं. त्याचा उपयोग होत नाही.

फ्रेम रेट : टाइमलाइनचा जो आकडा, तोच. ३० चं काम ६० वर रेंडर केलं तर प्रत्येक फ्रेम दोनदा मोजली जाते, हालचाल सुधारत नाही. यूट्यूबही सांगतं की ज्या फ्रेम रेटवर शूटिंग झालं त्याच रेटवर चढवा.

बिटरेट : म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओला किती माहिती द्यायची. १०८०पी साठी यूट्यूब २४ ते ३० फ्रेमला ८ एमबीपीएस आणि ४८ ते ६० फ्रेमला १२ एमबीपीएस सुचवतं. ८ धरलं तर मिनिटाला साधारण ६० एमबी, तासाला ३.६ जीबी. गावात रात्री नेटवर्क बरं असतं तेव्हा अपलोडला लावायचं की दिवसा, हे या हिशेबावरून ठरवता येतं.

कोडेक : एच.२६४ बहुतेक सगळीकडे चालतो, जुन्या फोनवर आणि टीव्हीच्या पेनड्राईव्हवरसुद्धा. एच.२६५ ची फाईल बरीच लहान होते, पण जुन्या उपकरणांवर चालेलच असं नाही. घरोघरी वाटायची प्रत एच.२६४ मध्येच काढावी.

व्हॉट्सअ‍ॅप : व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते. त्यापेक्षा यूट्यूबची लिंक बरी.

डाव्हिंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनचा फ्रेम रेट काम सुरू करतानाच ठरवावा लागतो. पहिली क्लिप टाकल्यावर तो बदलू देत नाही. बरेच जण हाताला लागेल ती क्लिप आधी टाकतात, ती नेमकी ड्रोनची निघते आणि दोन तासांचं कीर्तन २४ वर अडकून बसतं.

आदल्या दिवशी दहा मिनिटं काढा

१. मुख्य कॅमेरा कोणता ते ठरवा. पूर्ण कीर्तन ज्यात येणार तो मुख्य. त्याचा आकडा तोच टाइमलाइनचा आकडा.

२. स्टुडिओचा कॅमेरा मुख्य असेल तर २५. आयफोनच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘पाल फॉर्मॅट’ चालू केला की २५ मिळतं. ज्या फोनमध्ये २५ नाहीच, त्याच्यावर फक्त आवाजाविना वापरायची दृश्यं सोपवा : पालखी, रांगोळी, पंगत.

३. सगळं मोबाईलवरच असेल तर सगळे ३० वर. कोणी ६० वर घेतलं तरी जमेल. ड्रोनही ३० वरच.

४. शटर १/५० किंवा १/१००. ट्रायल घेऊन बघा.

५. फोनची मेमरी रिकामी करा, कव्हर काढून ठेवा म्हणजे कमी तापेल.

६. सुरुवातीला टाळी, शेवटी टाळी.

७. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा. एडिटिंग पुन्हा करता येतं, कीर्तन पुन्हा होत नाही.

हा शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. पुढच्या सप्ताहाला कीर्तनकार वेगळे असतील. यंदा मृदंगाच्या शेजारी उभे असलेले आजोबा पुढच्या वर्षी असतीलच असं कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या नातवाला वीस वर्षांनी तो व्हिडिओ बघावासा वाटला, तर आजोबांचा टाळ आणि टाळाचा आवाज एकाच वेळी आला पाहिजे. तेवढ्यासाठी आदल्या संध्याकाळी चौघांनी मंडपात बसून एकमेकांच्या फोनचा आकडा बघून घेतला तरी काम होतं.